दोन मोटरी, पाच सर्व्हो आणि एक लाल वायर

रेडिओवर चालणाऱ्या ट्रकला पुढे-मागे जायला एक मोटर आणि चाके वळवायला एक सर्व्हो एवढे पुरते. दुकानातून घरी येणारा ट्रक बहुधा याच सात्त्विक अवस्थेत असतो. ही अवस्था फार दिवस टिकत नाही. आधी गिअर बदलायला दुसरा सर्व्हो येतो, मग ट्रेलरचा खटका सोडायला तिसरा. पाठोपाठ विंच, हौदा उचलणारी मोटर, ट्रेलरचे पाय खाली-वर करणारी आणखी एक मोटर, पुढचे दिवे, मागचे दिवे, मालकाला अजून सुचायचे आहेत ते दिवे आणि डिझेल इंजिनाचा आवाज काढणारा डबा अशी भरती होत जाते. बॅटरी मात्र तीच एक असते. वायरिंगचे सगळे प्रश्न तिथून सुरू होतात.

या ट्रकांच्या दोन जाती ठळक आहेत. पहिली जात म्हणजे हमरस्त्यावरच्या ट्रेलर-ट्रकांची हुबेहूब नक्कल. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया कंपनी असे ट्रक १:१४ प्रमाणात काढते. त्यांत चालवणारी मोटर एकच, पण तिच्यापुढे तीन वेगांचा गिअरबॉक्स आणि गिअर टाकायला स्वतंत्र सर्व्हो असतो. या जातीचे मालक ट्रक चालवतात कमी आणि मागे-पुढे करून पार्क करतात जास्त. दुसरी जात दगडधोंड्यांवरून जाणाऱ्यांची: मॉन्स्टर ट्रक आणि क्रॉलर. तामियाचाच १९८७ सालचा क्लॉड बस्टर हा या घराण्याचा मूळ पुरुष मानायला हरकत नाही. १:१० प्रमाणाच्या या ट्रकला पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर एकेक ५४० जातीची मोटर होती आणि चारही चाके वळत होती. ती वळवायला सर्व्हो मात्र एकच, मधोमध बसवलेला, आणि त्याच्यापासून दोन्ही बाजूंना लांबलचक दांड्या गेलेल्या. त्यामुळे स्टिअरिंग फिरवणे हा हुकूम न राहता विनंती होत असे. पुढच्या पिढ्यांनी तो सर्व्हो काढून प्रत्येक ॲक्सलवर एकेक दणकट सर्व्हो बसवला. चाके ऐकू लागली आणि वीज पुरेनाशी झाली.

मोटर आणि सर्व्हो ही एकाच रक्ताची भावंडे, पण स्वभाव निराळे. मोटरला दोन जाड वायरी. जितके व्होल्ट तितका वेग, जितका भार तितका करंट, आणि मनात काही ठेवायचे नाही. सर्व्होला तीन बारीक वायरी: लाल धन, काळी किंवा तपकिरी ऋण आणि पांढरी, पिवळी किंवा नारिंगी सिग्नलची. सिग्नल म्हणजे साधारण दर २० मिलिसेकंदांनी येणारा एक ठोका. ठोका १.५ मिलिसेकंदाचा असला की सर्व्हो मध्यावर, १ मिलिसेकंदाचा असला की एका टोकाला आणि २ मिलिसेकंदांचा असला की दुसऱ्या. सर्व्होच्या पोटात एक छोटी मोटर, गिअरांची उतरंड आणि आपण सध्या कुठे आहोत हे सांगणारा पोटेन्शिओमीटर असतो. सांगितलेली जागा आणि असलेली जागा यांत फरक दिसला की तो मिटेपर्यंत सर्व्हो स्वस्थ बसत नाही. चाक दगडाला टेकलेले असेल आणि दगड जन्मात हलणार नसेल, तरीही नाही. हा करारीपणा पुढे सगळ्या ट्रकला भोवतो.

सर्व्होच्या प्लगमध्ये लाल वायर मधोमध असते. त्यामुळे प्लग उलटा बसवला तरी लालला लालच मिळते; सर्व्हो जळत नाही, नुसता मख्ख राहतो. ही रचना ज्याने केली त्याचा मनुष्यस्वभावाचा अभ्यास दांडगा असला पाहिजे.

मोटर थेट रिसीव्हरला जोडता येत नाही. मध्ये स्पीड कंट्रोलर, म्हणजे ईएससी, लागतो. त्याच्या एका अंगाला बॅटरी, दुसऱ्या अंगाला मोटर आणि तिसऱ्या अंगाने निघालेली तीन बारीक वायरींची शेपटी रिसीव्हरच्या थ्रॉटल चॅनेलमध्ये. ही शेपटी दिसायला थेट सर्व्होसारखी असते आणि नवशिक्याची पहिली गफलत तिच्यापाशीच होते. सर्व्होच्या शेपटीतून वीज रिसीव्हरकडून सर्व्होकडे जाते. ईएससीच्या शेपटीतून ती ईएससीकडून रिसीव्हरकडे येते. ईएससीच्या आत बीईसी नावाचे छोटे खाते असते. ते बॅटरीच्या ७.४ व्होल्टांतून ५ किंवा ६ व्होल्ट वेगळे काढते आणि रिसीव्हरला पुरवते. पूर्वी रिसीव्हरसाठी चार पेन्सिल सेलांचा वेगळा डबा ठेवावा लागे. बीईसी आला आणि तो डबा गेला. रिसीव्हरच्या आत सगळ्या चॅनेलांच्या लाल पिना एका पट्टीला आणि काळ्या पिना दुसऱ्या पट्टीला जोडलेल्या असतात. म्हणून थ्रॉटलच्या भोकातून शिरलेले ५ व्होल्ट सगळ्या सर्व्होंपर्यंत आपोआप पोचतात. 'बॅटरी' असे लिहिलेले भोक रिकामे पाहून ज्यांची झोप उडते, त्यांनी निर्धास्त झोपावे.

मालकाचे सगळे लक्ष मोटरीकडे असते. दुकानात तो विचारतो ते ईएससी किती अँपिअरचा ते, आणि ४० पुरत असताना ६०चा घेऊन येतो. बीईसी किती अँपिअरचा, हे कोणी विचारत नाही. ते डब्याच्या मागच्या बाजूला, इमारतीच्या जाहिरातीत 'अटी लागू' ज्या मापात असते त्या मापाच्या अक्षरांत छापलेले असते: १ किंवा २ अँपिअर, ईएससी दिलदार असला तर ३. इथेच घोडे पेंड खाते. २० किलोच्या वर्गातला सर्व्हो मोकळा फिरताना अर्ध्या-पाऊण अँपिअरवर भागवतो, पण अडला की एकटाच २ ते ३ अँपिअर ओढतो. असे दोन सर्व्हो स्टिअरिंगला, एक गिअरला, वर रिसीव्हर आणि दिव्यांचा चिल्लर खर्च. सरासरी काढली तर सगळे झकास बसते. ट्रक सरासरीवर चालत नाही. आचारी भांडी चढवतो ती एका पंगतीला किती पाने बसणार यावर, दिवसभराची सरासरी काढून नव्हे. बीईसीसुद्धा सगळे सर्व्हो एकाच क्षणी अडले तर किती मागतील, त्यावर निवडायचा असतो.

तसा तो निवडला नसेल तर काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. ट्रक दोन दगडांच्या बेचक्यात आहे. पुढचे डावे चाक दगडाला घट्ट टेकलेले. मालक स्टिअरिंग पूर्ण डावीकडे दाबून धरतो. सर्व्हो बारीक सुरात गुणगुणू लागतो आणि चेसीला बोट लावले तर थरथर कळते. पुढचे दिवे किंचित मंदावतात. मग रिसीव्हरवरचा लाल ठिपका विझतो आणि सगळे एकदम थांबते: मोटर, दिवे, डिझेलची धडधड, सर्व्होची गुणगुण. सर्व्हो ढिला पडतो, त्याबरोबर भार जातो. भार गेला म्हणून व्होल्ट परत येतात. व्होल्ट आले म्हणून रिसीव्हर जागा होतो, डोळे चोळत रिमोट शोधतो आणि रिमोट सापडताच त्याला पहिला हुकूम मिळतो तो पूर्ण डावीकडे वळण्याचा, कारण मालकाची बोटे अजून तिथेच आहेत. सर्व्हो पुन्हा गुणगुणू लागतो. हे रहाटगाडगे बॅटरी संपेपर्यंत किंवा मालक दमेपर्यंत चालू राहू शकते.

यावर मालकाचे निदान ठरलेले असते: रेंज. रिमोट डोक्याच्या वर धरला जातो. अँटेना वाकवून पाहिली जाते. शेजारच्या इमारतीवरच्या मोबाइल टॉवरकडे संशयाने बघितले जाते. ट्रक तोपर्यंत मालकाच्या चपलेपासून दीड हातावर असतो. मग रिसीव्हर बदलला जातो आणि नवा रिसीव्हरही त्याच दगडापाशी मान टाकतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खरे कारण एवढेच की अडलेल्या सर्व्होने ५ व्होल्टांची लाइन खाली ओढली आणि ती साडेतीन व्होल्टांच्या आसपास आली की बरेच रिसीव्हर शुद्ध हरपतात. मोठ्या मोटरीने ट्रक बंद पडला असे फार कमी वेळा घडते. ट्रक बंद पडतो तो काडेपेटीहून थोड्या मोठ्या, मान वाकडी करून हटून बसलेल्या सर्व्होमुळे. पटत नसेल तर मल्टिमीटरचे दोन काटे रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलमध्ये लाल आणि काळ्या पिनेला लावावेत आणि चाक हाताने अडवून स्टिअरिंग फिरवावे. आकडा घसरताना दिसतो. रिसीव्हर बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

उपाय म्हणजे वेगळा बीईसी. तो बॅटरीतून थेट वीज घेतो आणि ५, ६ किंवा ७.४ व्होल्ट देतो. घेताना स्विचिंग जातीचा घ्यावा. लिनिअर जातीचा बीईसी जादा व्होल्ट नुसते उष्णता करून घालवतो. दोन सेलांची लायपो बॅटरी पूर्ण भरली की ८.४ व्होल्टांची असते. तिच्यातून ५ व्होल्टांवर १ अँपिअर काढला तर ३.४ वॅट वाया जातात. तीन सेलांची असेल तर १२.६ वजा ५, म्हणजे ७.६ वॅट. सर्व्होला मिळाले ५ वॅट आणि बोट भाजायला साडेसात, असा हा व्यवहार. थोड्या वेळाने लिनिअर बीईसी तापून स्वतःच बंद होतो आणि मालक पुन्हा मोबाइल टॉवरकडे बघतो.

वेगळा बीईसी बसवताना दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य लाल वायरीचे. रिसीव्हरला आता वेगळ्या बीईसीतून वीज मिळणार, मग ईएससीच्या शेपटीतली लाल वायर काढायची. दोन बीईसी एकाच लाल पट्टीला जोडले तर एकाचे ५.०० आणि दुसऱ्याचे ५.१० यावरून त्यांच्यात जुंपते. ज्याचे व्होल्ट किंचित जास्त तो सगळा भार उचलतो, आणि स्विचिंग जातीचे असतील तर एकमेकांना गोंधळातही टाकतात. काही जोड्या वर्षानुवर्षे एकत्र नांदतात आणि त्यांचे मालक छातीठोकपणे सांगतात की लाल वायर काढायची काही गरज नसते. त्यांचे ऐकू नये.

लाल वायर काढायची म्हणजे कापायची नाही. प्लगच्या एका अंगाला प्रत्येक पिनेवर प्लास्टिकची एक इवलीशी जीभ असते. टाचणीच्या टोकाने मधली जीभ अगदी जरा, केसभर, उचलायची आणि दुसऱ्या हाताने लाल वायर हलकेच मागे ओढायची. पितळी टोकासकट वायर सुळकन बाहेर येते. जीभ जास्त उचलली तर तुटते आणि मग तो प्लग जन्मभर पिना ओकत राहतो. बाहेर आलेले टोक उघडे ठेवायचे नाही, कारण ते जिवंत ५ व्होल्टांचे आहे आणि ट्रकच्या पोटात त्याला भेटायला भरपूर उघडे धातू असतात. त्यावर हीट श्रिंकचा तुकडा चढवून ते त्याच शेपटीला दुमडून बांधायचे. उद्या हाच ईएससी दुसऱ्या ट्रकात गेला तर वायर परत खटकन बसवता येते.

दुसरे पथ्य काळ्या वायरीचे, आणि हे जास्त वेळा मोडले जाते. जोरदार सर्व्होची वीज रिसीव्हरमधून न नेता थेट बीईसीतून द्यायची असेल तर सर्व्होला लाल आणि काळी बीईसीकडून, सिग्नल रिसीव्हरकडून. पण बीईसीची काळी आणि रिसीव्हरची काळी एकमेकींना जोडलेल्या हव्यातच. रिसीव्हर ठोका पाठवतो तो स्वतःच्या काळ्या वायरीपासून मोजून. सर्व्होला तो शून्य कुठे आहे हे ठाऊकच नसेल तर त्या ठोक्याला काही अर्थ उरत नाही. सर्व्हो मग हुडहुडी भरल्यासारखा थरथरतो, नाही तर एका टोकाला जाऊन बसतो. सर्व्होसाठी वेगळी बॅटरीच लावली असेल तर ही चूक हमखास होते, कारण तेव्हा सगळे वायरिंग दिसायला फार नेटके असते.

दोन मोटरींचा संसार सर्व्होंपेक्षा सोपा आहे, पण त्यात वाद जास्त घातले जातात. साध्या ब्रशवाल्या दोन मोटरी एका ईएससीला दोन तऱ्हांनी जोडता येतात. समांतर जोडल्या तर प्रत्येकीला पूर्ण व्होल्ट मिळतात आणि दोघींच्या करंटची बेरीज ईएससीला सोसावी लागते. ५४० जातीची मोटर अडली की पन्नास अँपिअरच्याही पुढे जाऊ शकते, म्हणून ईएससी दोन मोटरींचा भार घेणारा हवा आणि अडलेल्या ट्रकचा थ्रॉटल दाबून धरायचा नाही. एवढे पाळले तर समांतर जोडणी भली. दोन्ही मोटरी मात्र एका जातीच्या आणि एका वयाच्या असाव्यात. पुढे नवी तेज मोटर आणि मागे दोन पावसाळे पाहिलेली जुनी, असे केले तर तेज मोटर सगळे ओझे ओढत तापत राहते आणि जुनी तिच्या मागून फुकटात फिरते.

एकसर जोडल्या, म्हणजे एकीतून निघालेली वायर दुसरीत नेली, तर दोघींतून करंट सारखाच जातो आणि व्होल्ट वाटले जातात. सपाट जमिनीवर अर्धे-अर्धे. दगडावर मात्र गंमत होते. पुढचा ॲक्सल हवेत उचलला गेला, मागचा दगडाला भिडला. हवेतल्या मोटरीला काही काम नाही, म्हणून ती सुसाट सुटते आणि सुटलेली मोटर उलट दिशेने जो दाब निर्माण करते त्यात बॅटरीचे जवळजवळ सगळे व्होल्ट खर्ची पडतात. करंट अगदी कमी होतो. आणि मोटरीचा जोर करंटवर ठरत असल्यामुळे मागच्या, खरे काम असलेल्या मोटरीच्या हाती काहीच लागत नाही. जिच्याकडे काम नाही तिला सगळी तरतूद आणि जिच्याकडे काम आहे ती टेबलापाशी उभी. महाराष्ट्रातल्या कोणत्याही नागरिकाला ही जोडणी आकृतीशिवाय समजते. क्रॉलरसाठी ती निरुपयोगी.

दिशेचा प्रश्न त्याआधी सुटलेला बरा. क्लॉड बस्टरचा मागचा गिअरबॉक्स म्हणजे पुढचाच, पाठमोरा बसवलेला. दोन्ही मोटरींच्या वायरी एकसारख्या जोडल्या तर पुढची चाके पुढे आणि मागची मागे जाऊ पाहतात. ट्रक जागच्या जागी फुरफुरतो आणि दोन्ही मोटरी तापतात. एका मोटरीच्या दोन वायरींची अदलाबदल केली की झाले. ब्रशलेस मोटरीला तीन वायरी असतात. सेन्सर नसेल तर त्यांतल्या कुठल्याही दोन बदलाव्यात. सेन्सर असेल तर वायरींना हात न लावता ईएससीच्या सेटिंगमध्ये दिशा बदलावी.

ब्रशलेसच्या बाबतीत एका ईएससीवर दोन मोटरी हा मार्गच बंद आहे. सेन्सर नसलेला ईएससी तीनपैकी ज्या वायरीत त्या क्षणी वीज सोडलेली नाही, तिच्यात मोटरीनेच उमटवलेला दाब चाचपून रोटर कुठे आहे ते ओळखतो आणि त्यानुसार पुढचा ठोसा देतो. दोन रोटर दोन ठिकाणी असले तर तो कोणाचे ऐकणार? म्हणून प्रत्येक मोटरीला स्वतंत्र ईएससी. मग दोन ईएससी म्हणजे दोन बीईसी, म्हणजे पुन्हा तीच लाल वायर. एका ईएससीची ठेवायची, दुसऱ्याची काढायची, आणि वेगळा बीईसी असेल तर दोघांचीही काढायची. दोन्ही ईएससींना थ्रॉटलचा मध्य आणि टोके एकाच बैठकीत शिकवावीत, नाही तर एक ॲक्सल आधी निघतो आणि दुसरा विचार करून निघतो.

ॲक्सलवरच मोटर असलेल्या क्रॉलरमध्ये दोन ईएससी असण्याचा फायदाही आहे. दोन्ही वेगळ्या चॅनेलवर घेतले तर मागची चाके रोखून फक्त पुढची ओढता येतात आणि ट्रक अरुंद जागेत स्वतःभोवती फिरतो. तोटा असा की बॅटरी कमी झाली की मोटरीची वीज तोडण्याचा निर्णय प्रत्येक ईएससी स्वतंत्रपणे घेतो. दर सेलला ३.० ते ३.३ व्होल्टांच्या आसपास ही सीमा असते, पण ज्याच्यापर्यंतची वायर लांब किंवा बारीक त्याला व्होल्ट किंचित कमी दिसतात. त्यामुळे पुढचा ॲक्सल सेवानिवृत्त होतो आणि मागचा उरलेला ट्रक ढकलत राहतो. मालक पुढची मोटर उघडून बसतो. मोटरीचा काही दोष नसतो.

दोन सर्व्हो एकाच चॅनेलवर न्यायला वाय केबल पुरते, पण ती दोघांना एकच हुकूम देते. दोन्ही ॲक्सलांवर सर्व्हो एकाच पद्धतीने बसवले असतील तर पुढची चाके डावीकडे वळताच मागचीही डावीकडे वळतात आणि ट्रक खेकड्यासारखा तिरका चालू लागतो. बघणारी मुले खूश होतात. मालकाला वळणावर छोटे वर्तुळ हवे असते. त्यासाठी मागच्या सर्व्होचा सिग्नल उलटा करावा लागतो, म्हणजे मध्ये एक रिव्हर्सर लावायचा किंवा मागचे स्टिअरिंग वेगळ्या चॅनेलवर घेऊन रिमोटमध्ये मिक्सिंग करायचे. दुसरा मार्ग चांगला, कारण त्यात प्रत्येक सर्व्होचे मध्य आणि टोक वेगळे ठरवता येते. टोक ठरवणे ही चैन नाही. चाक यांत्रिकपणे जिथे थांबते त्याच्यापुढे सर्व्होला जायला सांगितले तर तो प्रत्येक वळणावर विनाकारण अडतो, गुणगुणतो, अँपिअर ओढतो. एकाच ॲक्सलवर दोन सर्व्हो जोडले असतील आणि त्यांचे मध्य जुळत नसतील तर ट्रक नुसता उभा असतानाही ते एकमेकांना रेटत बसतात, आणि गरम सर्व्होचा वास सगळ्यांत आधी स्वयंपाकघरात पोचतो.

आता वायरी. सिलिकॉन वायरींचे माप अमेरिकी गेजमध्ये सांगतात आणि त्यात आकडा जितका लहान तितकी वायर जाड. १२ गेजची वायर २२ गेजच्या साधारण दसपट मोठ्या छेदाची असते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन नुसते 'बारा नंबरची वायर द्या' म्हटले तर घरगुती फिटिंगच्या दुकानदाराकडून "दीडची की अडीचची?" असा प्रश्न येण्याची शक्यता मोठी, कारण त्याचे माप चौरस मिलिमीटरचे. बारा गेज म्हणजे ३.३ चौरस मिलिमीटर. पण घराच्या भिंतीतली वायर ट्रकात घालू नये. ती ताठ असते आणि निलंबन तिच्या तालावर नाचते. बॅटरी आणि मोटरीसाठी मऊ, बारीक तारांची सिलिकॉन वायर, सर्व्होला त्याची आहे तीच. जुना पांढरा तामिया प्लग दोन मोटरींच्या करंटला तापून पिवळा पडतो; एक्सटी६० बसवावा. बॅटरीच्या बाजूला नेहमी झाकलेल्या टोकांचा प्लग.

सोल्डरिंग इथेच बिघडते. २५ वॅटच्या आयर्नने सर्व्होच्या वायरीला सुंदर डाख देता येतो. तोच आयर्न १२ गेजच्या वायरीला टेकवला की सगळी उष्णता वायर पिऊन टाकते, सोल्डर वरवर गोळा होऊन बसते आणि सांधा करडा, खरखरीत दिसतो. असा सांधा घरात चालतो, मैदानात सुटतो. जाड वायरीसाठी ६० वॅटचा आयर्न घ्यावा, वायर आणि प्लग दोन्हींना आधी वेगवेगळे सोल्डर पाजावे, मग जोडावे. हीट श्रिंकची नळी वायरीत आधी सरकवावी. हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असते आणि नळी प्रत्येक वेळी टेबलावर राहते.

ब्रशवाल्या मोटरीच्या ठिणग्यांचा उपद्रव थांबवायला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लावतात: एक दोन टोकांमध्ये, दोन टोकांपासून मोटरीच्या पत्र्याला. त्यांच्यावर १०४ छापलेले असते. २७ मेगाहर्ट्झच्या काळात ते नसले तर मोटर सुरू होताच स्टिअरिंग थयथयाट करी, २.४ गिगाहर्ट्झमध्ये हा त्रास बराच कमी झाला, तरी कपॅसिटर काढून टाकण्याचे कारण नाही.

राहिले उपांग. दिव्यांना मागणी फारशी नसते. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे ७.४ व्होल्टांच्या बॅटरीवर २२० ओहमचा रेझिस्टर. भरलेल्या ८.४ व्होल्टांवर तो थोडा जास्त उजळतो, पण मरत नाही. विंच मात्र दिव्यांच्या रांगेत बसवू नये. तीही मोटरच आहे, आणि तिचे कामच मुळी अडण्याचे. तिला स्वतःचा छोटा ईएससी, त्याची लाल वायर अर्थातच काढलेली, आणि बॅटरीपासून वेगळी फांदी द्यावी. त्या फांदीवर मोटारीतला ब्लेड फ्यूज लावला तर उत्तम. हौदा उचलणाऱ्या हायड्रॉलिक पंपाच्या मोटरीलाही हाच नियम. रिसीव्हरच्या पिनांतून यांतले काहीही चालवू पाहणारे लोक आहेत. त्यांचे रिसीव्हर सुटे भाग म्हणून मिळतात.

पहिल्यांदा वीज सोडताना ट्रक एखाद्या डब्यावर ठेवून चाके अधांतरी ठेवावीत. आधी रिमोट सुरू करायचा, मग ट्रक. चॅनेल एकेक करून जोडायचे आणि प्रत्येक सर्व्हो दोन्ही टोकांपर्यंत नेऊन ऐकायचा. उभा असताना गुणगुणत असेल तर दांडी एक दाता सरकवायची किंवा टोक कमी करायचे. सगळे एकदम जोडून बघणाऱ्याला काय बिघडले ते कधीच कळत नाही, काहीतरी बिघडले एवढेच कळते. सगळे ठीक झाल्यावर वायरी केबल टायने आवळाव्यात, पण स्टिअरिंगच्या दांड्या आणि प्रॉपेलर शाफ्टपासून लांब. पहिल्याच उडीत शाफ्टभोवती गुंडाळली जाणारी वायर हमखास रिसीव्हरच्या अँटेनाची असते.

बंद करताना क्रम उलटा: आधी ट्रक, मग रिमोट. ईएससीवरचे बटण दाबून ट्रक बंद झाला असे समजू नये. पुष्कळ ईएससींमध्ये ते बटण फक्त बीईसी आणि आतले डोके झोपवते. बॅटरीच्या जाड वायरी जोडलेल्याच राहतात आणि थोडासा करंट झिरपत राहतो. वेगळा बीईसी तर त्या बटणाला जुमानतही नाही, त्याचा रिसीव्हर रात्रभर रिमोटची वाट बघत जागा असतो. आठवड्याने पुढच्या रविवारी ट्रक काढावा तर लायपोचे सेल ३ व्होल्टांच्या खाली गेलेले असतात आणि चार्जर ती बॅटरी घ्यायला साफ नकार देतो. म्हणून प्लग हाताने ओढून काढायचा, आणि बॅटरी काही दिवस लागणार नसेल तर दर सेलला ३.८ व्होल्टांच्या आसपास आणून ठेवायची.